नहीं तो परभणी

‘कारवान मेल, वय दीड वर्ष. एकदम तेज. थोडा रागीट. एकाचंच ऐकतो. आखाड्यावर ठेवायला एक नंबर. हौशी माणसाला मोफत देणे आहे.’

या धाटणीचा मजकूर आणि सोबत बारीक कमरेच्या, लांब तोंडाच्या, दाव्याला बांधलेल्या कुत्र्याचा फोटो. परभणी, मानवत, सेलू, गंगाखेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सोयाबीनचे भाव आणि जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती यांच्यामध्ये असा एखादा संदेश दिसतो. वाचता आला तर त्यातला प्रत्येक शब्द बरंच काही सांगतो. ‘तेज’ म्हणजे हातातून सुटला की तासभर सापडत नाही. ‘थोडा रागीट’ म्हणजे कुणाला तरी दात लागलेला असण्याची शक्यता आहे. ‘एकाचंच ऐकतो’ यातला तो एक आता पुण्याला कंपनीत आहे. ‘आखाड्यावर’, अर्थात शेतातल्या वस्तीवर, म्हणजे घरात जमलं नाही. आणि ‘मोफत’ म्हणजे या आठवड्यात कुणी नेला नाही, तर मोटारसायकलवर बसवून कुठल्यातरी फाट्यावर सोडला जाणार.

परभणीकराला आपल्या गावावरची म्हण लहानपणापासून पाठ असते : बनी तो बनी, नहीं तो परभणी. कुठंच जमलं नाही तर परभणी आहेच. म्हणीत थोडी चेष्टा आहे आणि थोडा अभिमानही, कारण हे गाव कुणालाही सामावून घेतं. पण कुत्रं घरी आणण्याच्या बाबतीत आपण ही म्हण अगदी उलटी करून वापरतो. जमलं तर जमलं, नाहीतर सोडून देऊ. पहिल्या मालकानं हाच विचार केलेला असतो. अडचण अशी की ‘बिचाऱ्याला घर देऊ’ म्हणून पुढं येणारा दुसरा मालकही बहुतेक वेळा हाच विचार करून येतो, फक्त त्याच्या मनात दया असते. टाकून दिलेल्या हट्टी कुत्र्याला दयेचा उपयोग पहिले दोन दिवस. त्यानंतरची दहा-बारा वर्षं दुसऱ्याच गोष्टींवर निघतात. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टींविषयी आहे.

*

आधी हे कुत्रं कोण ते पाहू. मराठवाड्यात त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. कानावर, शेपटीवर आणि पायांवर रेशमी झालर असली तर पश्मी. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावावरून तेच मुधोळ हाउंड झालं. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची निवडून पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडच्या राजालाही भेट दिली, तेव्हा दख्खनच्या या गावठी शिकाऱ्याला साहेबी प्रतिष्ठा मिळाली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. पुढं लष्करानं मेरठच्या आपल्या केंद्रात या जातीचं प्रशिक्षण सुरू केलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळायला सांगताना मुधोळचं नाव घेतलं आणि पिल्लांच्या चौकशा वाढल्या.

आपल्याकडं लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. मुळात ही जात व्यापारी तांड्यांबरोबर, पठाण-अरबांबरोबर दख्खनेत आली असं सांगतात. अरबस्तान-इराणकडच्या सलुकीशी तिचं रूप इतकं जुळतं की गोष्ट खरी वाटावी. निजामाच्या राजवटीत आणि त्याआधीही बालाघाटाच्या डोंगरापासून गोदेच्या काळ्या रानापर्यंत सशामागं, काळविटामागं धावणं हेच तिचं काम होतं.

आणि तिचा सगळा स्वभाव याच कामातून घडला. वासावर माग काढणारं कुत्रं नाक जमिनीला लावून मालकाला मागं मागं नेतं. मेंढपाळाचं कुत्रं दर थोड्या वेळानं धन्याकडं बघतं, खुणेची वाट पाहतं. कारवान डोळ्यांवर शिकार करतं. शंभर पावलांवर ससा उठला की धनी कधीच मागं पडलेला असतो. कुठं वळायचं, कुठं आडवं जायचं, कधी झडप घालायची हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं. विचारायला मागं वळून पाहणारं कुत्रं रिकाम्या तोंडानं परत यायचं आणि त्याची पिल्लं कुणी ठेवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसानंच अशी निवड केली. आता तेच कुत्रं हाक मारल्यावर येत नाही म्हणून आपण त्याला हट्टी म्हणतो. ‘कुत्रं गुणाचं हाय, पण ऐकत न्हाई’ हे गावोगाव कानावर पडणारं वाक्य आहे. ते न ऐकणं हाच त्याचा गुण होता, हे ध्यानात घेतलं की अर्धा राग तिथंच उतरतो.

*

मग हे कुत्रं रस्त्यावर का येतं? याचं उत्तर शोधताना १९७२ या वर्षापाशी थांबावं लागतं. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे साल दुष्काळाचं म्हणून आठवतं : खडी फोडण्याची कामं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ आलं, आणि त्याच साली इथलं पशुवैद्यक महाविद्यालयही उभं राहिलं. सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकारीला लगाम लागला. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपवली. काळवीट वाचायला हे गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केलेल्या एका प्राण्याचं काम त्या कायद्यानं गेलं आणि त्याला ते कुणी सांगितलं नाही. त्याचे पाय, त्याचे डोळे, त्याची छाती आजही त्याच नोकरीवर आहेत.

काम गेलं, पण रुबाब राहिला. दारात कारवान बांधलेलं असणं ही आजही प्रतिष्ठा आहे. पिल्लू असताना ते सगळ्यांना आवडतं. आठ-दहा महिन्यांत त्याचे पाय लांबतात, शेजाऱ्याच्या कोंबड्या कमी होऊ लागतात, एखाद्या दिवशी शेळीचं करडू जातं, भरपाईवरून भांडण होतं आणि कुत्र्याच्या गळ्यात साखळी येते. साखळीला चोवीस तास बांधलेला धावपटू चिडका होतो. चिडका झाला की आखाड्यावर सालगड्याच्या हवाली होतो. साल बदलतं, गडी बदलतो. नवा गडी कुत्र्याला भितो, कुत्रं नव्या गड्याला. त्यापुढची पायरी फाटा.

स्पेनमध्ये हेच चक्र वर्षाला एकदा, जवळजवळ कॅलेंडर पाहून फिरतं. तिथला गाल्गो हा आपल्या कारवानचा दूरचा भाऊ शोभावा असाच सशामागं धावणारा कुत्रा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिकारीचा हंगाम संपला की शिकारी मोठ्या संख्येनं गाल्गो टाकून देतात, म्हणून तिथले प्राणिमित्र १ फेब्रुवारी हा गाल्गोचा दिवस पाळतात. २०२३ मध्ये स्पेननं प्राणिकल्याणाचा मोठा कायदा केला आणि त्यातून शिकारी कुत्रे वगळले, कारण शिकाऱ्यांची मतं राजकीय पक्षांना हवी असतात. पण अशाच टाकून देण्यातून युरोप-अमेरिकेत एक शहाणपण तयार झालं. ब्रिटनमध्ये १९७५ पासून शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडना घरं शोधून देणारी संस्था आहे. फ्लोरिडानं २०१८ च्या मतदानात ग्रेहाउंडच्या शर्यती बंद करायचं ठरवलं, तेव्हा हजारो कुत्र्यांना घरं द्यावी लागली. या लोकांनी शिकलेली मुख्य गोष्ट अशी की धावणारी ही जात घरात आश्चर्यकारक शांत असते. दिवसातून दोनदा नीट पाय मोकळे झाले की उरलेला वेळ गोधडीवर झोपून काढते. फक्त घर आणि कुत्रं यांची जोडी आधी पारखून जुळवावी लागते.

*

आपल्याकडं टाकून दिलेल्यांत फक्त कारवानच आहे असं नाही. परभणीत उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांच्या पुढं जातो, तिथं सायबेरियाच्या बर्फातली हस्की पाळण्याचीही हौस असते. रॉटवायलर, पिटबुल ही नावं आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारनं पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी असं परिपत्रक काढलं. जे आधीच पाळलेले आहेत त्यांची नसबंदी करा असंही त्यात होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलेलं होतं. परिपत्रक गेलं, पण अशा बातमीनं घाबरणारे मालक असतातच, आणि घाबरलेला मालक कुत्र्याला पशुवैद्याकडं नेत नाही, गावाबाहेर नेतो.

प्राण्याला असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. सहा दशकांपूर्वी पन्नास रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात लिटरभर पेट्रोलही येत नाही.

२२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबतचा आपलाच आधीचा आदेश बदलला, तेव्हा बहुतेक बातम्यांचा भर निवारे आणि नसबंदीवर होता. त्या आदेशात आणखी एक मुद्दा आहे. प्राणिप्रेमींना कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर त्यांनी पालिकेकडं अर्ज करावा, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची राहील. दत्तक या शब्दामागं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं जबाबदारी जोडली, हे मला त्या सगळ्या गदारोळात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

*

आता समजा, तुम्हाला ते मोफतवालं कुत्रं आणायचंच आहे.

फोटो पाहून होकार देऊ नका. जाऊन बघा, आणि तास-दोन तास बघा. साखळीला असताना तुमच्याकडं कसं पाहतं, साखळी सोडल्यावर (बंद आवारात) कसं वागतं, अनोळखी माणूस, लहान पोर, शेळी, कोंबडी दिसली की काय करतं. शेळीकडं पाहून कान टवकारणं आणि मग नजर हटवणं वेगळं, आणि शेळीवर डोळे रोवून अंग ताठ होणं वेगळं. दुसरा प्रकार दिसला आणि तुमच्या दारात चार शेळ्या असतील, तर हे कुत्रं तुमचं नाही. कितीही देखणं असो. मालकाला खोदून विचारा : चावलं आहे का, कुणाला, काय चाललं होतं तेव्हा. जेवताना जवळ गेल्यावर चावणारं कुत्रं सांभाळता येतं. काही कारण न दिसता चावलं असेल, तर अनुभवी माणसाशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘कुणालाच नाही’ असं फार पटकन आलेलं उत्तर खरं मानू नका. लाज वाटते म्हणून लोक खोटं बोलतात. तुम्ही न रागावता विचारलं तर दुसऱ्यांदा खरं सांगतात.

दुसरी तपासणी घराची. मराठवाड्यात कुत्रं एका माणसाच्या हौसेनं येतं आणि सगळ्या घराला सांभाळावं लागतं. आजीला ते सोवळ्याच्या चुलीपाशी चालणार आहे का? सून माहेरी गेल्यावर भाकरी कोण टाकणार? मुलगा बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला शिकायला गेला की फिरवणार कोण? भाड्याचं घर असेल तर घरमालक काय म्हणतो? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं असेल तर थांबावं. आजीचा नकार हा खरा नकार मानावा, कारण दिवसभर घरात तीच असते.

गावात पुण्या-मुंबईसारखं प्राणिमित्र संस्थांचं दाट जाळं नाही, पण परभणीकडं एक अशी गोष्ट आहे जी पुष्कळ जिल्ह्यांकडं नाही : पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्याचा दवाखाना. कुत्रं घरी नेण्याआधी तिथं किंवा जवळच्या पशुवैद्याकडं न्यावं. फाट्यावरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड असतात, आणि गोचिडातून रक्ताचे आजार येतात. कुत्रं मलूल असतं, खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. रक्त तपासल्याशिवाय हे कळत नाही. जंताचं औषध, रेबीजची लस, पार्वो-डिस्टेंपरची लस हे सगळं झालेलंच नाही असं समजून नव्यानं सुरू करावं. आधीच्या मालकाचं ‘सगळे इंजेक्शन झालेत’ हे कार्ड दिसलं तरच खरं.

नसबंदी करून घ्यावी, आणि करताना डॉक्टरांना हे कुत्रं कारवान आहे याची आठवण जरूर करून द्यावी. या जातीच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि ग्रेहाउंड कुळातली कुत्री थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीच्या औषधातून फार उशिरा बाहेर येतात. चांगल्या डॉक्टरला हे माहीत असतंच, पण दवाखान्यात बैल, म्हशी, शेळ्यांची रांग लागलेली असताना एक वाक्य बोलून ठेवलेलं बरं. चरबी नसल्याचा दुसरा परिणाम थंडीत दिसतो. परभणीची थंडी राज्यात गाजते, काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या आसपास येतो. अशा रात्री उघड्या आखाड्यावर बांधलेलं हे कुत्रं कुडकुडत असतं आणि आपण त्याला शूर राखणदार म्हणतो. पोतं, गोणपाट, जुनी गोधडी, वाऱ्याच्या आड जागा, एवढं तरी हवंच.

*

घरी आणल्यावर पहिली चूक पाहुण्यांची होते. नवं कुत्रं आलं की गल्ली जमते. पोरं डोक्यावर हात फिरवतात, कुणी बिस्कीट देतं, कुणी ‘शेकहँड’ मागतं. ज्या प्राण्यानं नुकतंच सगळं हरवलंय, त्याच्यासाठी ही मिरवणूक म्हणजे छळ. रेस्क्यूचं काम करणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रं भेदरलेलं असतं. खात नाही, किंवा खातं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम त्याला कळतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा खरा स्वभाव वर येऊ लागतो. पुष्कळ लोक इथंच घाबरतात : ‘पहिल्यांदा तर गरीब होतं, आता गुरगुरतंय.’ आधीचं ते गरीब नव्हतं, घाबरलेलं होतं. तीन महिन्यांनी हे आपलं घर आहे असं त्याला वाटू लागतं. आकडे काही पंचांगातले नाहीत. साखळीवर दोन वर्षं काढलेल्या कुत्र्याला वर्षही लागतं.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली सूचना. ‘जवळ येऊ नको, मला भीती वाटते’ हे सांगायला त्याच्याकडं दुसरी भाषा नाही. गुरगुरल्याबद्दल काठी मारली तर पुढच्या वेळी ते गुरगुरत नाही, सरळ चावतं. आणि इथंच आपल्याकडचा सगळ्यात चिवट समज आडवा येतो : पहिल्याच दिवशी दाखवून द्यायचं मालक कोण ते. मान दाबून जमिनीवर पाडा, ताटातली भाकरी काढून घ्या, म्हणजे दबून राहतं. या समजाला शास्त्राचा मुलामा मिळाला तो लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचा अभ्यास केला आणि कळपात सत्तेसाठी मारामाऱ्या होतात असं नोंदवलं. डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकानं ती कल्पना जगभर नेली. पुढं मेक यांनीच जंगलातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं माग काढला आणि सांगितलं की कळप म्हणजे आई-बाप आणि पोरं, तिथं सिंहासनाची लढाई नसते. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते प्रकाशकाच्या मागं लागले. लांडग्यांचंच खरं नाही म्हटल्यावर कुत्र्याला जमिनीवर पाडण्याला आधार उरत नाही. कारवानसारख्या, स्वतःचा निर्णय स्वतः घेणाऱ्या जातीवर दडपण आणलं की ती दबत नाही. ती तुमच्यावरचा विश्वास काढून घेते, आणि तो परत मिळवायला फार काळ जातो.

शिकवायचं ते खाण्याच्या लालचीनं, थोडं थोडं, आणि रोज. नाव घेतल्यावर वळून पाहिलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. हाकेला आलं की मोठा तुकडा. हाकेला आल्यावर लगेच साखळी अडकवून घरात कोंडलं तर पुढच्या वेळी ते का येईल? हे साधं गणित आहे, आणि कुत्र्याला ते आपल्याआधी कळतं.

खाण्याबद्दल एक. मराठवाड्यातलं कुत्रं ज्वारीच्या भाकरीवर वाढतं : भाकरी, ताक, कधी दूध. पोट भरतं, पण धावणाऱ्या स्नायूंना प्रथिनं लागतात. अंडी, कोंबडीचं उकडलेलं मांस, शाकाहारी घरात डॉक्टरांना विचारून ठरवलेलं खाद्य, यांतलं काहीतरी भाकरीबरोबर हवं. शिळ्या रश्शातला कांदा-लसूण नको. आणि भरल्या पोटी पळवायचं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि त्यात तासाभराचा उशीरही जीव घेतो.

गळ्यातल्या पट्ट्याचं दुखणं वेगळंच. कारवानचं डोकं मानेएवढंच निमुळतं असल्यानं साधा पट्टा मागं ओढला की सहज निघतो. ग्रेहाउंडसाठी वापरतात तो ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद पट्टा किंवा अंगात घालायचा हार्नेस घ्यावा. मोकळं धावायचं असेल तर पुरुषभर उंचीचं कुंपण असलेली जागा शोधावी. काटेरी तार आणि बाभळीचं कुंपण नको, कारण यांची कातडी पातळ असते, धावताना फाटते.

*

नरसीचे संत नामदेव भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं, त्यामुळं ही गोष्ट परभणीकराला घरचीच वाटते. प्राणिमात्रांत देव पाहणं हा आपला वारसा, हे खरं. पण नामदेवांचं कुत्रं भाकरी घेऊन त्याच्या वाटेनं गेलं. ते गेलं नसतं, अंगणातच राहिलं असतं, शेजाऱ्याच्या कोंबड्या मारू लागलं असतं, तर पुढं काय, हे गोष्ट सांगत नाही. आपल्या भूतदयेची ही जुनी पंचाईत आहे. एका वेळेची भाकरी आपल्याला जमते. दहा वर्षांचा दिनक्रम जमत नाही.

चावण्याची शक्यता नजरेआड करून चालणार नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. दात लागला की जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. मग थेट सरकारी दवाखाना, लसीचे सगळे डोस, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन. कुत्र्याचं लसीकरण झालेलं आहे म्हणून माणसाची लस टाळायची नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं. तुमच्या हलगर्जीपणामुळं पाळीव प्राण्यानं कुणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. रागीट म्हणून आलेल्या कुत्र्याला घराबाहेर नेताना मुसकं बांधायची सवय लावावी, जाळीचं, ज्यातून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं. लोक टोकतील, ‘किती क्रूर’. टोकू द्या.

आणि सणाच्या दिवसांबद्दल. दिवाळीच्या आठवड्यात कुत्रं दत्तक घेऊ नका, घेतलेलं असेल तर त्याला बाहेर मोकळं सोडू नका. शिकारी कुत्र्याच्या कानाला फटाक्याचा आवाज आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि घाबरल्यावर या जातीला एकच गोष्ट येते, धावणं. एकदा धावत सुटलं की ते थांबतं तेव्हा जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला असेल सांगता येत नाही. खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही सुरू, अंगावर पांघरूण, जवळ माणूस. फराळाच्या ताटातले बेदाणे, मनुका आणि चॉकलेट यांपासून लांब. मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे पुष्कळ घरांना माहीत नसतं आणि लाडानं लाडूतला बेदाणा भरवला जातो.

दिवाळीनंतर रब्बीची पेरणी उरकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी-हरभरा निघाला की रान मोकळं होतं, दूरवर नजर जाते आणि सशांना लपायला जागा राहत नाही. कारवानसाठी वर्षातला सगळ्यात अवघड काळ हाच. घरात महिनोन्‌महिने शहाण्यासारखं राहिलेलं कुत्रं बांधावर उभं राहून थरथरायला लागतं. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, सोड की जरा, बघू तरी. ससा आज कायद्यानं संरक्षित आहे, तुमच्या कुत्र्यानं मारला तरी वनखातं जाब तुम्हालाच विचारणार. या दोन महिन्यांत साखळी हातातून सुटता कामा नये, फिरणं पहाटे किंवा अंधार पडल्यावर, डांबरी रस्त्यानं.

आणि हे सगळं करूनही कधी कधी जमत नाही. घरात बाळ येतं, कुणी अंथरूण धरतं, कुत्रं शेळीचा नाद सोडत नाही. तेव्हा सरळ सांगून दुसरं घर शोधावं, लपवाछपवी न करता. स्वभाव, चावण्याचा इतिहास, आजार, सगळं. नव्या मालकाला कुत्रं देताना कागद करावा. त्यात जात, वय, लसीच्या तारखा, नसबंदी, कुणाला दात लागला असेल तर तो प्रसंग, आणि ‘न जमल्यास हे कुत्रे रस्त्यावर किंवा तिसऱ्या माणसाकडे न देता माझ्याकडेच परत आणावे’ हे वाक्य, मोबाइल नंबरसकट. खाली सह्या घराच्या सगळ्या मोठ्या माणसांच्या घ्याव्यात. आजीचीही. नुसती हौशी पोराची सही चालणार नाही, तो जूनमध्ये पुण्याला जाणार आहे.